नवी मुंबई ते नागपूर : वाट किती, वेळ किती?

नवी मुंबईहून नागपूर किती लांब आहे, हा प्रश्न चार जाणत्या माणसांना विचारून पाहा. चौघे चार आकडे सांगतील, आणि गंमत अशी की चौघांचेही बरोबर असेल. रेल्वेतला माणूस म्हणेल, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर ८३७ किलोमीटर. मोटार हाकणारा म्हणेल, समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, आणि आमण्यापर्यंत पोहोचायचे ते वेगळेच. भूगोलाचा विद्यार्थी नकाशावर पट्टी ठेवून ६६५ सांगेल. आणि वैमानिकाला विचाराल, तर तो शांतपणे म्हणेल, "तीनशे साठ".

मग खरे अंतर कोणते? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला उद्या सकाळी नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे उभे राहायचे आहे, किंवा ज्याला विदर्भातून आपल्या आजारी आईला उपचारासाठी इकडे आणायचे आहे, त्याने कोणता आकडा धरून घरातून निघावे? या छोट्याशा लेखात आपण याच प्रश्नाची उकल करू. उदाहरण नवी मुंबई-नागपूरचे घेऊ, कारण महाराष्ट्राची दोन टोके जोडणारी ही वाट आहे. नागपूर करार झाला तो १९५३ साली, राज्य झाले १९६० साली, आणि तेव्हापासून हिवाळी अधिवेशनासाठी आख्खे सरकार या वाटेने जाते-येते. साध्या माणसाची ये-जा तर बारा महिने चालू असते.

प्रथम अंतर पाहू. नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ पनवेलजवळ उलव्याला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ही जागा सहजासहजी सपाट झालेली नाही. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, आणि दहा गावांना आपली घरे, शेते, देवळे सोडून दुसरीकडे जावे लागले. आपण ज्याला "जवळचा विमानतळ" म्हणतो, त्या जवळिकीची किंमत त्या गावांनी मोजली आहे, एवढे मनात असू द्यावे.

आता शाळेतला नकाशासंग्रह पुढे घ्या. हा विमानतळ १९ उत्तर अक्षांशाला जवळजवळ टेकलेला आहे, आणि ७३ पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे आहे. नागपूरचा सोनेगावचा विमानतळ, म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, २१ अक्षांशाच्या थोडा वर आणि ७९ रेखांशाच्या किंचित पुढे. म्हणजे अक्षांशांतला फरक सुमारे २.१ अंश आणि रेखांशांतला सुमारे ६ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे नागपूर आपल्यापेक्षा उत्तरेला पडते २३३ किलोमीटर. रेखांशाचे मात्र तसे नाही. संत्र्याच्या फोडी जशा मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, तसे रेखांशांमधले अंतर विषुववृत्तावर सर्वांत जास्त आणि ध्रुवांकडे जाताना कमी कमी होत जाते. आपल्याकडे, विसाव्या अक्षांशाच्या आसपास, एका अंशाचे १०४ किलोमीटर भरतात. म्हणजे नागपूर पूर्वेला पडते सुमारे ६२४ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. तिसरी बाजू कशी काढायची हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. उत्तर येते सुमारे ६६५ किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या लहान पल्ल्यात तिच्या गोलाईने एखाद-दुसऱ्या किलोमीटरचाच फरक पडतो.

मग वैमानिकाचे तीनशे साठ कुठून आले? तो सागरी मैलात मोजतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. जुन्या दर्यावर्दी लोकांचे हे माप विमानवाल्यांनी जसेच्या तसे उचलले. ६६५ किलोमीटरांचे सागरी मैल करा, तीनशे साठाच्या घरात येतात. अंतर तेच, माप बदलले.

रेल्वे आणि रस्ता यांच्या आकड्यांचेही कोडे आता सुटेल. दोन्ही विमानतळांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती छत्रपती संभाजीनगरच्या किंचित दक्षिणेकडून जाते, मेहकरजवळून पुढे सरकते, अमरावती आणि यवतमाळ यांच्या मधून जाऊन नागपुरात शिरते. समृद्धी महामार्ग जवळजवळ याच रेघेच्या आसपास आखला आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. म्हणून त्याची लांबी सरळ रेघेहून फारशी जास्त नाही. रेल्वे मात्र नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा अशी उत्तरेकडून वळसा घेत जाते. तिला घाटाचा चढ सोसायचा असतो, वाटेतली गावे सांभाळायची असतात. तिचे जास्तीचे किलोमीटर वाया गेलेले नाहीत, ते जळगाव-अकोल्याच्या माणसांच्या उपयोगी पडतात.

विमान तरी अगदी सरळ रेघेने जाते का? तसेही नाही. आकाशातही ठरलेल्या वाटा आहेत, आणि त्या वाटांवर ठरलेली ठाणी आहेत. शिवाय विमान उडते ते वाऱ्याच्या तोंडावर. उलव्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. दुपारी समुद्रावरून वारा येत असेल, तर नागपूरला पूर्वेकडे जायचे विमानसुद्धा आधी पश्चिमेकडे झेपावते आणि मग वळते. त्यात सांताक्रूझचा जुना विमानतळ सरळ रेघेत अवघ्या चोवीस-पंचवीस किलोमीटरांवर. दोन्हीकडच्या विमानांच्या वाटा एकमेकींत गुंतू नयेत म्हणून आणखी थोडा फेर पडतो. तेव्हा ६६५ चे प्रत्यक्षात सातशेच्या आसपास होतात.

आता वेळेकडे वळू. आजची जेट विमाने उंचावर तासाला सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. सरळ भागाकार केला, तर सातशे किलोमीटरांना पन्नास मिनिटे पुरेत. पण वेळापत्रक उघडा, तेथे दीड तासाच्या आसपास वेळ दिलेला दिसेल. मधली चाळीस मिनिटे गेली कुठे?

विमान काही दारातून निघाल्याबरोबर ८३० ने धावत नाही. तेहेतीस हजार फूट चढायला त्याला वीसेक मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ते सुमारे दोनशे किलोमीटर पुढे गेलेले असते. दहा हजार फुटांच्या खाली तर वेगावर बंधनच आहे, ताशी २५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटर. उतरण्याचा वैमानिकांचा एक सोपा हिशेब आहे. दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल वाट हवी. म्हणजे तेहेतीस हजार फुटांसाठी नव्याण्णव मैल, सुमारे १८५ किलोमीटर. चढण्यात दोनशे गेले, उतरण्यात १८५ गेले. मग पुऱ्या वेगाने समपातळीत उडायला उरले किती? तीनशे किलोमीटर, जेमतेम वीस मिनिटे! चहाचा पेला हातात येतो न येतो, तोच पट्टा बांधण्याची सूचना होते, ती यामुळेच. गंमत म्हणून हेही लक्षात ठेवा की पूर्वेकडे जाणारे विमान तेहेतीस किंवा पस्तीस अशा विषम हजारांवर उडते आणि पश्चिमेकडे येणारे चौतीस किंवा छत्तीस अशा सम हजारांवर. जाणारे आणि येणारे एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत, म्हणून ही सोय.

याखेरीज जमिनीवरचा वेळ आहे. वेळापत्रकातील वेळ विमान आकाशात झेपावल्यापासून मोजत नाहीत. ते आपल्या जागेवरून हलले, की घड्याळ सुरू होते, आणि पलीकडे जागेवर जाऊन थांबले, की बंद होते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, पुढच्या दोन-तीन विमानांमागे उभे राहणे, उतरल्यावर पुन्हा सरकत येणे, हे सारे त्यात धरलेले असते. वर कंपन्या थोडी सैल वेळही ठेवतात, कारण पंधरा मिनिटांच्या आतला उशीर झाला तर विमान "वेळेवर" आले असेच गणले जाते.

या सगळ्यावरून घरच्या घरी वापरता येईल असा एक ठोकताळा बांधता येतो. नकाशावरच्या सरळ अंतराला आठशेने भागा, येतील तेवढे तास धरा, आणि वर चाळीस मिनिटे टाका. नागपूर ६६५, म्हणजे पन्नास मिनिटे अधिक चाळीस, झाला दीड तास. दिल्ली सरळ रेघेत सुमारे ११४०, म्हणजे दोन तासांच्या थोडे वर. कोल्हापूर सरळ रेघेत सुमारे २९०, म्हणजे उड्डाणाची बावीस मिनिटे आणि वरची चाळीस! कोल्हापूरच्या बाबतीत वरखर्च मूळ खर्चाच्या दुप्पट झाला. आपल्याकडे म्हणतात ना, नमनालाच घडाभर तेल, तशातली गत.

वाऱ्याचा वाटाही विसरून चालणार नाही. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. म्हणून थंडीच्या दिवसांत जाण्यापेक्षा येण्याला पाच-दहा मिनिटे जास्त लागलेली दिसतात. पावसाळ्यात पारडे फिरते. खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा आपली छत्री उलटी करीत असतो, पण पार वरच्या थरांत मात्र वारे पूर्वेकडून येतात. दक्षिण भारतावरून वाहणाऱ्या या पूर्वेच्या वेगवान प्रवाहाचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली जगापुढे मांडले.

येथे क्षणभर मागे वळून पाहू, म्हणजे वेळ वाचणे म्हणजे काय याचा अंदाज येईल. १९४९ साली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, आपल्या देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर सगळी नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परत जात. नागपूरच का? नकाशाच उत्तर देतो. नागपूर ते मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५. चारी दिशांना हजाराच्या आत. त्या वेळची डकोटा विमाने ताशी पावणेतीनशेच्या आसपास वेगाने जात. मुंबईला अडीच तास, कलकत्त्याला साडेतीन-पावणेचार. रात्रीत जाऊन-येऊन बसणारे गणित होते ते. दिल्लीत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासच्या माणसाच्या हाती पडू लागले.

डकोटाला लागत अडीच तास, आज लागतो दीड. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत विमानाचा वेग तिप्पट झाला, पण या मार्गावर प्रवाशाचा वाचला एकच तास. कारण वेग वाढला तो आकाशात, जमिनीवरची कामे मात्र वाढत गेली. आणि आपल्या प्रश्नाचे मर्म नेमके येथे आहे. प्रवासी विमानतळावर राहत नाही. तो घरी राहतो. त्याचे अंतर धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मोजून भागत नाही, ते दारापासून दारापर्यंत मोजावे लागते.

समजा, तुम्ही बेलापूरला राहता आणि नागपुरात सीताबर्डीला जायचे आहे. घरातून विमानतळ अर्धा-पाऊण तास. सामान देणे, तपासणी, रांगा यांसाठी दोन तास आधी पोहोचावे. सामान घेण्याच्या खिडक्या बहुधा तासभर आधी बंद होतात आणि विमानाचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी, म्हणून ही घाई. मग विमानाचा दीड तास. पलीकडे सामानाची वाट पाहण्यात वीस-पंचवीस मिनिटे, आणि सोनेगावहून सीताबर्डी अर्धा तास. बेरीज करा. पाच तास झाले. त्यांतला आकाशातला वेळ सव्वा तासाच्या आतच!

आता बोरिवलीचा माणूस घ्या. त्याला उलव्याला यायचे तर घोडबंदर म्हणा, ठाण्याची खाडी म्हणा, आख्खी मुंबई म्हणा, ओलांडायला दोन तास सहज गेले. त्याच्यासाठी सांताक्रूझचाच विमानतळ जवळचा. परळच्या माणसाचे पारडे मात्र दोलायमान झाले आहे. शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, आणि खाडीचा वळसा वाचला. विमान तेच, तिकीट तेच, पण तीन घरांतून मोजलेल्या वेळा तीन.

आणि सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो रोग्याला घेऊन येणाऱ्या घरच्यांना. गोंदिया किंवा गडचिरोलीहून माणूस निघतो, तेव्हा नागपूर गाठण्यातच त्याचे दोन ते चार तास जातात. इकडे आल्यावर जायचे कुठे, हे त्याने आधी ठरवायला हवे. टाटा स्मारक रुग्णालय परळला आहे. पण त्याच संस्थेचे कर्करोगाचे दुसरे मोठे केंद्र खारघरला आहे, आणि खारघर हे उलव्याच्या विमानतळाच्या शेजारीच. ज्याची तारीख खारघरची आहे त्याने सांताक्रूझला उतरणे म्हणजे आजारी माणसाला उगाच दीड-दोन तास गाडीत बसवणे. ज्याची तारीख परळची आहे त्याने दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. तिकीट काढताना "मुंबई" एवढेच वाचून पुढे जाऊ नये. तिकिटावर तीन अक्षरी खूण असते. सांताक्रूझच्या विमानतळाची बीओएम, नवी मुंबईची एनएमआय आणि नागपूरची एनएजी. ही तीन अक्षरे चुकली, तर माणूस एका विमानतळावर आणि विमान दुसऱ्यावर, असा प्रसंग यायला वेळ लागत नाही. सरळ रेघेत दोन्ही विमानतळ पंचवीस किलोमीटरांच्या आत असले तरी मध्ये ठाण्याची खाडी आहे आणि मुंबईची वाहतूक आहे. धावत जाऊन ते अंतर काही तुटत नाही.

मग विमानच बरे का? त्याचेही उत्तर एकच एक नाही. नागपूरला वेगवान रेल्वेगाडी अकरा तासांत पोहोचते आणि समृद्धीवरून मोटार आठ-नऊ तासांत. विमानाचे दारापासून दारापर्यंतचे पाच तास. म्हणजे रेल्वेपेक्षा सहा तास वाचले. पण रेल्वेचे अकरा तास रात्रीचे असतील, तर त्यांतले सात-आठ तुम्ही झोपेत काढता. दिवसाचे पाच तास मोकळे सोडणे आणि रात्रीचे अकरा तास झोपून घालवणे, यांत महाग कोणते, हे ज्याने त्याने आपल्या कामावरून आणि खिशावरून ठरवावे. दुपारी एकच तासाचे काम असेल आणि संध्याकाळी परतायचे असेल, तर विमानाला तोड नाही. ज्याला झोपून प्रवास करणे भाग आहे अशा रोग्याला कधी कधी रेल्वेचा आडवा बाकच सुखाचा होतो. पुण्याचे तर बोलायलाच नको. सरळ रेघेत पुणे शंभर किलोमीटर. विमानाने निघालात, तर विमानतळावर तुम्ही खिडकीपाशी उभे असताना बसमधला माणूस लोणावळा ओलांडून गेलेला असेल.

एक बारीकसा मुद्दा घड्याळाचा. नवी मुंबई आणि नागपूर दोन्हीकडे एकच भारतीय वेळ, म्हणून पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की झाले. एकेकाळी हेही इतके सोपे नव्हते. मुंबई शहराने आपली निराळी "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत जपली होती, आणि ती भारतीय वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे असे. सूर्य मात्र आजही दोन वेळा पाळतो. नागपूर सहा अंश पूर्वेला, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे नागपूरचा सूर्य आपल्यापेक्षा चोवीस मिनिटे पुढे. हिवाळ्यात संध्याकाळच्या विमानाने नागपूरला उतरलात आणि अंधार लवकर पडलासा वाटला, तर विमानाला उशीर झाला असे समजू नका.

तेव्हा पुढच्या खेपेला तिकीट काढण्यापूर्वी एक कागद घ्या आणि त्यावर चार ओळी लिहा. पहिली, घरापासून विमानतळ किती वेळ. दुसरी, विमानतळावर किती आधी. तिसरी, वेळापत्रकातील उड्डाणाचा वेळ. चौथी, उतरल्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंत किती वेळ. यांतली तिसरी ओळ तुमच्या हातातली नाही, ती विमानाची आणि वाऱ्याची. बाकीच्या तीन ओळी मात्र विमानतळ कोणता निवडता आणि किती वाजताचे विमान धरता, यावर वाढतात किंवा घटतात. बेरीज रात्रीच्या गाडीच्या शेजारी मांडा, आणि मगच ठरवा. बरोबर आजारी माणूस असेल, तर चौथी ओळ सर्वांत आधी लिहा.